तक्रारीआधी दार निवडा: कामावरचा गैरव्यवहार उघड करणाऱ्याला कायदा कुठे आणि कितपत वाचवतो

सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामात काय चाललंय ते त्यात होतं, आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही होती. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेमध्ये गोळ्या घालून त्यांचा खून झाला. सीबीआयच्या तपासात हा लुटीतला खून ठरला. पुष्कळांना ते कधीच पटलं नाही. पण खुनामागचं कारण काहीही असो, गुप्ततेची विनंती असलेलं पत्र गुप्त राहिलं नाही एवढं खरं. त्यावरून देशभर संताप उसळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २१ एप्रिल २००४ ला केंद्र सरकारने एक ठराव काढला. तो ठराव आजही चालू आहे आणि त्याच्याबद्दल पुढे बरंच सांगायचंय.

अशा माणसाला मराठीत ‘जागल्या’ हा छान शब्द आहे. गावात रात्री राखण करणारा, चोर दिसला की ओरडून सगळ्यांना उठवणारा. कामाच्या ठिकाणच्या जागल्याची अडचण अशी की कुणाच्या कानावर ओरडलं यावर त्याचं संरक्षण ठरतं. तोच पुरावा, तीच तक्रार. एका दारात ठोठावलं तर नाव गुप्त राहतं, दुसऱ्या दारात ठोठावलं तर तुमच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होते. म्हणून तक्रार लिहायला बसण्याआधी दार निवडायचं. हा सगळा लेख त्या निवडीबद्दल आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

‘व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट, २०१४’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. संसदेने तो मंजूर केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, छळ झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयावर, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण कायदा लागू होण्यासाठी जी अधिसूचना काढावी लागते ती दहा वर्षं उलटून गेली तरी निघालेली नाही. त्यामुळे त्यातल्या एकाही कलमाच्या आधारे आज दाद मागता येत नाही. तुमचा वकील किंवा एखादा जाणकार सहकारी याच कायद्याचा हवाला देऊन ‘काळजी करू नका’ म्हणाला, तर सल्ला दुसरीकडे घ्या.

मग उरतं काय? ठराव, कंपनी कायद्यातली दोन-चार कलमं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे नियम, कामगार कायदा. तुकडे आहेत. ते जोडून घ्यावे लागतात.

पायरी १: तक्रार नेमकी कशाची ते स्वतःशी ठरवा

बढती डावलली, बदली चुकीची झाली, साहेब अपमान करतो, या वैयक्तिक तक्रारी. त्या खऱ्या असतील, पण जागल्याचं संरक्षण त्यांना मिळत नाही. पैशांची अफरातफर, खोटी बिलं, लाच, सुरक्षेचे खोटे दाखले, ग्राहकाला किंवा भागधारकाला फसवणं, हा गैरव्यवहार. दोन्ही एकत्र असतील (बहुतेक वेळा असतातच, कारण ज्याने नाही म्हटलं त्याचीच बढती अडते), तर दोन वेगळे अर्ज करा. एकाच पत्रात अफरातफर आणि आपलं गोपनीय अहवालातलं गाऱ्हाणं घातलं, की वाचणारा गाऱ्हाण्यावर बोट ठेवतो आणि ‘आकसाने केलेली तक्रार’ असा शेरा मारायला मोकळा होतो.

लैंगिक छळाचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान जागी किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. चौकशी चालू असताना स्वतःची किंवा समोरच्याची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते. ही मागणी लेखी करावी लागते, आणि अनेकींना ती करता येते हेच कुणी सांगत नाही. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

पायरी २: दार निवडा

*केंद्र सरकार, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम, राष्ट्रीयीकृत बँका.* इथे २००४ चा तो ठराव कामाला येतो. कार्यालयीन बोलीत त्याला पीआयडीपीआय (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स) म्हणतात. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाते. संरक्षण मिळतं ते लिफाफ्याच्या शिस्तीमुळे, म्हणून ती नीट पाहू.

तक्रार पोस्टाने, बंद लिफाफ्यातूनच पाठवायची. ई-मेलने किंवा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकलेली तक्रार साधी तक्रार धरली जाते, तिला ही गुप्तता लागू होत नाही. लिफाफ्यावर ठळक अक्षरांत ‘पीआयडीपीआय’ किंवा ‘कम्प्लेंट अंडर द पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर’ असं इंग्रजीत लिहायचं. पत्ता सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली. लिफाफ्यावर स्वतःचं नाव-पत्ता लिहायचा नाही. आतमध्ये मात्र नाव-पत्ता हवाच. तो पत्राच्या अगदी सुरुवातीला, अगदी शेवटी किंवा वेगळ्या जोडपत्रावर. यामागचं कारण साधं आहे. आयोग तुमचं नाव झाकून मजकूर पुढे पाठवतो, आणि नाव मधल्या परिच्छेदात विखुरलेलं असेल तर झाकणार कसं? त्याच कारणाने मजकुरात ‘मी १२ तारखेला साहेबांना हे बोललो तेव्हा ते म्हणाले’ असली वाक्यंही टाळा. नाव नसलं तरी साहेबाला कळतं कोण बोललं होतं.

पोच मिळत नाही. महिनाभर काहीच कळलं नाही म्हणून घाबरून दुसरीकडे तक्रार करू नका. आयोग तुम्हाला पत्र पाठवून विचारतो: ही तक्रार तुमचीच का, आणि हीच तक्रार आणखी कुठे केलीय का? या पत्राला तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. हीच तक्रार तुम्ही आधी मंत्र्यांना, पोलिसांना आणि तीन वर्तमानपत्रांना पाठवलेली असेल, तर गुप्ततेला अर्थच राहत नाही. निनावी किंवा टोपणनावाच्या तक्रारी आयोग घेत नाही. तक्रारीमुळे छळ सुरू झाला तर त्याच आयोगाकडे दाद मागता येते, आणि जिवाला धोका असेल तर आयोग पोलिस संरक्षणासाठीही सांगू शकतो. २०१३ पासून मंत्रालयांच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्यांनाही अशी तक्रार घेण्याचा अधिकार आहे. पण ज्या खात्याविरुद्ध बोलायचं त्याच इमारतीत लिफाफा नेऊन देणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

*राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद.* वरचा ठराव इथे लागू नाही. महाराष्ट्रात लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, त्याचा टोल फ्री क्रमांक १०६४. गैरकारभारासाठी लोकायुक्त. संरक्षण तुलनेने तोकडं आहे, म्हणून राज्य कर्मचाऱ्याने वकिलाशी आधी बोललेलं बरं. एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी: तुमच्याकडून जबरदस्तीने लाच घेतली गेली असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. तेवढ्यात कळवलं तर देणारा गुन्हेगार ठरत नाही. कंपनीचं काम अडू नये म्हणून साहेबाच्या सांगण्यावरून पाकीट पोचवणाऱ्या कारकुनासाठी हे सात दिवस फार मोलाचे असतात.

*शेअर बाजारात नोंदलेली किंवा मोठी कंपनी.* कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे तीन प्रकारच्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावीच लागते: शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या. कायद्यात तिला ‘व्हिजिल मेकॅनिझम’ म्हणतात, कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा ‘व्हिसल ब्लोअर पॉलिसी’ या नावाने सापडेल. ती उघडून शेवटपर्यंत वाचा. निनावी तक्रार घेतात का, चौकशी कोण करतं, मुदत किती, ऑडिट कमिटीच्या (हिशेबांवर लक्ष ठेवणारी संचालकांची समिती) अध्यक्षांचा थेट पत्ता कोणता, हे टिपून घ्या. तक्रार वरिष्ठांविरुद्धच असेल तर अपवादात्मक परिस्थितीत ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याचा हक्क कायद्यानेच दिलाय. एचआरमधून ‘आधी आमच्याकडे या’ असं सांगितलं तरी तो हक्क जात नाही.

बाहेर फारसं कुणाला माहीत नसलेली एक गोष्ट: वर्षभरात कंपनीकडे आलेल्या अशा तक्रारी विचारात घेतल्या का, हे वैधानिक लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावं लागतं. २०२० च्या ऑडिट अहवाल आदेशात तसं कलम आहे. म्हणून तक्रार तोंडी न करता पॉलिसीत दिलेल्या पत्त्यावर, पॉलिसीचं नाव घेऊन, लेखी करा. तशी नोंदली गेलेली तक्रार दाबणं कंपनीला जड जातं.

कंपनीची सरकारी चौकशी सुरू झाली की आणखी एक कलम जागं होतं, २१८. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला काढायचं, खालच्या पदावर आणायचं किंवा शिक्षा करायची तर कंपनीला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. तीस दिवसांत न्यायाधिकरणाचं उत्तर आलं नाही, तर मात्र कंपनीला पुढे जाता येतं.

*शेअर बाजारातली आतल्या माहितीवरची खरेदी-विक्री.* इथलं संरक्षण भारतात सगळ्यात भक्कम आहे असं माझं मत. सेबीने २०१९ मध्ये ‘खबऱ्या’साठी स्वतंत्र प्रकरण घातलं. ठरलेल्या नमुन्यात, हवं तर वकिलामार्फत माहिती द्यायची; वसूल झालेल्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत बक्षीस, कमाल मर्यादा २०२१ पासून १० कोटी रुपये. माहिती देणाऱ्याला कामावरून काढणं, पदावनती, निलंबन, धमकी हे सगळं तिथे स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे, आणि सेबीकडे जाण्यापासून अडवणारी नोकरीच्या करारातली अट रद्दबातल ठरते.

*खासगी आणि परदेशी बँका.* यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेची २००७ ची ‘प्रोटेक्टेड डिस्क्लोजर’ योजना आहे. सरकारी बँकेचा कर्मचारी तिच्यात येत नाही, त्याचं दार दक्षता आयोग.

*लहान प्रायव्हेट लिमिटेड, भागीदारी, ट्रस्ट.* इथे यंत्रणा ठेवायची सक्ती नाही. गैरव्यवहार ज्या खात्याच्या अखत्यारीत येतो (आयकर, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाना निरीक्षक) त्या खात्याकडे जायचं. मालकाच्या केबिनमध्ये एकट्याने जाऊन ‘हे चुकीचं आहे’ असं सांगणं फार धैर्याचं वाटतं. पण त्या क्षणी तुमच्या बाजूला कोणताही कायदा उभा नसतो.

वर्तमानपत्राचं दार

काकरापार अणुवीज प्रकल्पात जून १९९४ मध्ये पुराचं पाणी शिरलं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने त्याबद्दल गुजराती वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं. विभागीय चौकशी होऊन त्याची नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २०१३ मध्ये त्याचं अपील फेटाळलं गेलं. माहिती देणारा प्रत्येक जण आपोआप प्रामाणिक जागल्या ठरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती; वरिष्ठांना किंवा सक्षम अधिकाऱ्याला न सांगता थेट वर्तमानपत्राकडे जाणं त्याला भोवलं. हा निकाल मला कडक वाटतो. पण तो आहे, आणि सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतही परवानगीशिवाय कार्यालयीन माहिती बाहेर देण्याला मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो त्यातच मोडतो.

अब्रुनुकसानीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये एक अपवाद आहे: ज्या अधिकाऱ्याला त्या माणसावर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावनेने केलेला आरोप ही बदनामी ठरत नाही. तोच मजकूर फेसबुकवर टाकला की हा अपवाद हातचा जातो.

पायरी ३: कागद जमवा, पण चोरू नका

कामाच्या ओघात जे कागद तुमच्या हाताखालून जातात त्यांच्या प्रती, स्वतःला आलेले मेल, स्वतः काढलेल्या नोंदी, एवढ्यावर थांबा. कंपनीचा अख्खा सर्व्हर पेनड्राइव्हवर उतरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा तुमच्यावर नोंदू शकतो, आणि मग मूळ विषय बाजूला पडून चर्चा तुमच्या पेनड्राइव्हची होते. जो कागद घेता येत नाही त्याचा क्रमांक, तारीख, फाइलचं नाव आणि कपाट लिहून ठेवा. चौकशी अधिकाऱ्याला तो मागवता येतो. त्याला कुठे बघायचं एवढंच कळायला हवं.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिहा, खाडाखोड झाली तर तशीच राहू द्या. वही घरी. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही नको. तक्रारीचा मसुदा तर नकोच नको.

मोबाइलमधला पुरावा असेल तर मूळ फोन जपा. स्क्रीनशॉट एकटा पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र आणि त्या फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे ताडून पाहण्याचा तिचा आकडी ठसा) द्यावी लागते. फोन बदलताना जुना विकून टाकल्यामुळे हातचा पुरावा जाऊ शकतो.

आणखी एक काम तक्रारीच्या आधीच उरका. गेल्या तीन-चार वर्षांचे कामगिरीचे अहवाल, पगारवाढीची पत्रं, कौतुकाचे मेल यांच्या प्रती घरी आणून ठेवा. चार वर्षं ‘उत्तम’ असलेला माणूस तक्रारीनंतरच्या तिमाहीत अचानक ‘अकार्यक्षम’ कसा झाला, हे दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही.

पायरी ४: तक्रार लिहा

समजा गोदामात मालाची चोरी चाललीय. बहुतेक तक्रारी अशा येतात:

“खरेदी विभागात प्रचंड भ्रष्टाचार माजला असून विभागप्रमुख ठेकेदाराला सामील आहेत. तरी कठोर कारवाई व्हावी ही नम्र विनंती.”

हिच्यावर चौकशी अधिकारी काही करू शकत नाही. आता ही पाहा:

“१४ मार्च रोजी आवक नोंदवहीच्या पान ४२ वर ८० पिंपे उतरल्याची नोंद आहे. त्याच दिवसाच्या गेट पासवरही ८० हाच आकडा आहे. या मालाचे बिल १२० पिंपांचे असून ते १९ मार्च रोजी मंजूर झाले. उरलेली ४० पिंपे नंतर आली असल्यास मला माहीत नाही. ३१ मार्चपर्यंतच्या नोंदवहीत ती दिसत नाहीत.”

एकही विशेषण नाही, कुणाला चोर म्हटलेलं नाही. तीन कागद एकमेकांशी ताडून बघायला दिलेत, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलंय. नंतर तक्रार अर्धवट सिद्ध झाली तरी या माणसाला कुणी खोटारडा म्हणू शकत नाही. ‘सद्भावना’ हा शब्द कायद्यात वारंवार येतो. कागदावर ती अशी दिसते.

शेवटी एक ओळ जरूर घाला: “या तक्रारीमुळे माझ्यावर कोणतीही प्रतिकूल कारवाई होऊ नये, अशी पॉलिसीतील तरतुदीनुसार विनंती आहे.” ती पुढे उपयोगी पडते.

पायरी ५: सूड सुरू झाला तर

थेट बडतर्फी क्वचितच होते. आधी बैठकांची आमंत्रणं बंद होतात. मग काम काढून घेतलं जातं, ‘कामगिरी सुधार योजना’ हातात येते, लांबची बदली होते. यातलं प्रत्येक वहीत लिहा आणि शांत शब्दांत मेलवर नोंदवा: “माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीनंतर तमुक तारखेला माझ्याकडील काम काढून घेण्यात आले, कारण कळवावे.” कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या, चिडून देऊ नका. बदलीचा हुकूम आला तर ‘हरकत नोंदवून’ रुजू होणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. गैरहजर राहिलात तर कंपनीला आयतं कारण मिळतं.

आणि राजीनामा देऊ नका. समोर बसवून, दार लावून, ‘राजीनामा दे नाहीतर काढून टाकू’ असं सांगणं हा नेहमीचा डाव आहे. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, ‘दबावाखाली घेतलेला राजीनामा मागे घेत आहे’ असा मेल करा. दोन महिन्यांनी केलेल्या अशा दाव्यावर विश्वास ठेवायला न्यायाधीश तयार नसतात.

यापुढे तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहात का, यावर बरंच ठरतं. हुद्दा काय छापलाय यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणतं करता ते पाहिलं जातं. कामगार असाल तर सूडबुद्धीने कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्रातल्या १९७१ च्या कायद्यानुसार तशी तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांत कामगार न्यायालयात करता येते, आणि न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकतं. कामगारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही. हेल्पलाइन १५१००.

व्यवस्थापक असाल तर परिस्थिती कठीण आहे. खासगी नोकरीचा करार न्यायालय सहसा मालकाला जबरदस्तीने पाळायला लावत नाही. नोकरी परत मिळण्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा उरतो, तोही वर्षानुवर्षं चालणारा. म्हणून वरच्या पदावरच्या माणसाने तक्रारीआधी सहा-आठ महिन्यांच्या घरखर्चाची सोय बघावी, असं मी स्पष्टच सांगतो.

जिवाला धोका असेल तर वेळ घालवू नका. प्रकरणात गुन्हा दाखल असेल आणि तुम्ही साक्षीदार असाल, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. २०१८ ची ती योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली आहे. माहितीच्या अधिकारात कुणी तुमचं नाव काढू पाहत असेल, तर त्या कायद्याच्या कलम ८(१) मधल्या, इंग्रजी प्रतीतल्या ‘जी’ उपकलमाप्रमाणे, गुप्तपणे माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती नाकारता येते. तुमची तक्रार जिथे आहे त्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला हे कलम आधीच लेखी कळवून ठेवा.

सेटलमेंटचा कागद पुढे आला तर

बऱ्याच प्रकरणांचा शेवट तीन महिन्यांचा पगार आणि एका करारावर होतो. त्यात ‘यापुढे कोणत्याही प्राधिकरणाकडे तक्रार करणार नाही’ असं कलम असतं. गुन्हा लपवून ठेवण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून करार कायद्याच्या कलम २३ खाली टिकत नाही, पण ते न्यायालयात सिद्ध करत बसण्यापेक्षा सही करण्याआधीच ते वाक्य खोडायला सांगा. कागद घरी न्यायला दिला नाही तर सही करू नका. अनुभवाचा दाखला, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या तुमच्या हक्काच्या गोष्टी आहेत. त्या ‘सवलत’ म्हणून मोजल्या असतील तर तो आकडा वजा करून बघा, मग देऊ केलेली रक्कम नेमकी किती उरते ते कळेल.